केळीचे खुंट बांधलेली बोट

"ही होडी मासे धरायला आणलीय की पळवून लावायला?" आईनं विचारलं, तेव्हा आम्ही काठापासून जेमतेम दोनशे हात आत गेलो होतो. इंजिनाचा दांडा माझ्या हातात होता आणि वेग मी कमीत कमी ठेवला होता. याहून कमी केला की इंजिन बंद पडायचं. तसं मी तिला सांगितलं, जरा फणकाऱ्यानंच. राग माझ्या नाकावर असतो हे माझ्या ऑफिसात माहीत आहे, घरात माहीत आहे, आणि आईला तर मी पाळण्यात होते तेव्हापासून माहीत आहे.

बोट माझ्या मोठ्या दिरांची. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचीच. बोलतात मराठी, पण अर्ध्या वाक्यात कानडी डोकावतं. दिरांना ते राहतात तो सगळा बनशंकरीचा भाग अण्णा म्हणतो, म्हणून मीही म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी फायबरची बोट घेतली आणि तिच्यावर तिच्या दुप्पट बोटीला पुरेल एवढं इंजिन बसवलं. का, तर "पॉवर स्वल्प जास्त असलेली बरी." एरवी ती घराच्या अंगणात ट्रेलरवर उभी असते. एखाद्या रविवारी तिला गाडीच्या मागे जोडून आम्ही अडीच तासांवरच्या एका धरणाच्या पाण्यात नेतो. मासे धरायची परवानगी अण्णांनी रीतसर काढून ठेवलेली आहे. हेब्बाळच्या पुलावर आपली गाडी चालतेय की उभी आहे, हे खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. अशा शहरात राहून हळू न चालणारी बोट घ्यायची, हे आमच्याच घरात होऊ शकतं.

आई जूनमध्ये माझ्याकडे आली. आली म्हणजे मी तिला आणली. बाबा गेल्यापासून ती कोकणात खाडीकाठच्या घरात एकटीच होती. मागच्या वर्षी परसात पाय घसरून पडली, मनगट मोडलं, आणि शेजारचे काका सहज डोकावले म्हणून कुणाला कळलं तरी. तोवर दुपार झाली होती. ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. मीटिंगमध्ये बसलेली असले तरी मला ती परसात पडलेली दिसते. म्हणून मनगट बरं झाल्यावर मी तिला हेब्बाळला, आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात आणून ठेवली आणि माझ्या परीनं प्रश्न मिटवला.

प्रश्न मिटला नव्हता. आई बाल्कनीत बसून समोरच्या तळ्याकडे बघत राहायची. "एवढं पाणी, आणि कुणी गळ टाकत नाही," एवढंच म्हणायची. जावई घरी आला की उठून आत जायची. टीव्ही लावू का, असं माझ्या नवऱ्याला विचारायची. स्वतःच्या हातानं चहा करायचा तर डबे शोधताना आवाज होऊ नये म्हणून जपायची. "लेकीच्या घरी राहायचं म्हणजे पाहुणचार किती दिवस घ्यायचा?" हे वाक्य आठवड्यातून दोनदा ठरलेलं. मी चिडायचे. चिडून काय होणार होतं? ती आणखी गप्प व्हायची.

बोटीत मात्र ती बोलली. त्या पहिल्या दिवशी साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट घालून ती मधल्या फळीवर अशी बसली, की अण्णांनी हात पुढे केला तो तसाच मागे घेतला. त्यांनी दिलेली गळाची काठी तिनं नुसती बाजूला ठेवली. पिशवीतून लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेलं तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, काढलं, टोकाला अण्णांच्या डब्यातला चकचकीत पत्र्याचा खोटा मासा बांधला, आणि तो बोटीमागे सोडत सोडत दोरी तर्जनीवर घेतली. लहानपणी तिचे वडील होडी वल्हवायचे आणि मागे गळ धरून बसायचं काम थोरली लेक म्हणून तिचं असायचं. जिताडा मासा असाच मिळायचा. लग्नानंतर तिनं गळाला हात लावला नव्हता, आणि मला हे सगळं त्या दिवशी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"होडी कशी चालायला हवी माहितीय?" ती म्हणाली. "डोक्यावर भरला हंडा घेऊन बाई चालते, तशी. मग गळ पाण्यात अंग हलवतो आणि त्याची धडधड हाताला कळते. तुझा हा बघ, पाण्यावरनं घसरत चाललाय. याच्यामागे कोण लागेल?"

आम्ही हरप्रकारे करून बघितलं. इंजिन गिअरमध्ये घालायचं, काढायचं, परत घालायचं. काढलं की गळ तळाशी जाऊन झाडाझुडपात अडकायचा, घातलं की परत वर यायचा. पुढच्या खेपेला अण्णा म्हणाले, उलटं जाऊ, रिव्हर्सला वेग कमी असतो. गेलो. मागच्या कडेवरून पाणी आत आलं आणि माझ्या जावेनं पहाटे उठून केलेल्या चित्रान्नाचा डबा त्यात तरंगायला लागला. तिसऱ्या खेपेला त्यांनी रंगाची रिकामी बादली आणली, एका बाजूनं दोरीला बांधून पाण्यात सोडली. बोट हळू झाली खरी, पण एकाच अंगाला ओढली जाऊन गोल गोल फिरायला लागली. दोन चकरा झाल्यावर बादलीची कडी तुटली आणि बादली गेली.

"सरी, असू दे," अण्णा म्हणाले. "पुढच्या खेपेला दुसरं काही बघू."

"माझ्यासाठी एवढी यातायात करू नका," आई म्हणाली आणि तंगूस गुंडाळायला लागली. पाहुणी परत पाहुण्याच्या जागी जाऊन बसली. मला त्या बादलीपेक्षा याचंच जास्त लागलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णांच्या अंगणात आयुधपूजा झाली. बंगळुरात या दिवशी जे जे म्हणून चालतं त्या सगळ्याला हार पडतो. दोन गाड्या, तीन स्कूटर, जावेचं शिलाई मशीन, आणि बोट. बोटीला चाकं नाहीत म्हणून लिंबं ट्रेलरच्या चाकांखाली ठेवली. कोहळा फुटला. गाडीला बांधतात तसे केळीचे दोन पुरुषभर उंच खुंट बोटीच्या पुढच्या टोकाला, डाव्या-उजव्या अंगाला, काथ्यानं उभे बांधले. आईनं बोटीला हळदकुंकू लावलं, आणि उठता उठता मला म्हणाली, "मी मंगळवारी निघते गं. तिकीट आलंय."

तिनं शेजारच्या काकांना फोन करून परस्पर तिकीट काढून घेतलं होतं. नारळ उतरवायला आलेत, गडी वर्षातून एकदाच येतो, आपलं माणूस खाली उभं असायला हवं, ही कारणं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "जा, आणि परत पड परसात. मला कळवायलाही कुणी नसेल." जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. अण्णांनी प्रसादाचं ताट पुढे केलं आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "अम्मा, मंगळवार ना? मग रविवारी एकदा पाण्यावर जाऊन येऊ."

रविवारी गेलो. बोट पाण्यात उतरवली तरी केळीचे खुंट तसेच उभे होते, पानं कडेनं पिवळी पडून फाटलेली. मी काढायला गेले तर अण्णांनी अडवलं. पूजेचं आहे, आपणहून पडेपर्यंत हात लावायचा नाही. या गावात लोक आठवडाभर वाळक्या केळी मिरवत ऑफिसला जातात, तर आमच्या बोटीनं काय पाप केलं होतं? मी दांडा धरला आणि निमूटपणे निघाले. आई मागे तोंड करून, दोरी सोडून बसली होती. आमचं तीन दिवस कामापुरतंच बोलणं होतं. हा शेवटचा रविवार, आणि मला तिला नको जाऊस एवढं सरळ म्हणता येत नव्हतं.

पाण्याच्या मध्यावर वारा सुटला. डावीकडच्या खुंटाची वरची गाठ सुटली आणि अख्खं झाड कडेवरून पाण्यात आडवं झालं. बुंध्याची गाठ मात्र पक्की होती, त्यामुळे ते पानांसकट बोटीला लागून ओढलं जाऊ लागलं. बोटीनं डावीकडे मान टाकली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक हात दांड्यावर ठेवूनच मी अण्णांना म्हणाले, "सुरी द्या, तोडून टाकते आधी."

"थांब," आई म्हणाली. "तोडू नकोस."

ती पाण्याकडे बघत नव्हती. तर्जनीवरच्या दोरीकडे बघत होती.

"अण्णा, दुसरंही सोडा," ती म्हणाली. "बुंध्याची गाठ राहू दे. वरचीच सोडा."

अण्णा पुढे सरकले. त्यांनी एकदा हात जोडले आणि उजव्या खुंटाची वरची गाठ सोडली. तेही झाड पाण्यात पडलं. बोट सरळ झाली. दोन्ही अंगांना पानं पसरून दोन्ही केळी पाणी अडवत चालल्या होत्या. बुंधे पुढच्या टोकाशी आखूड बांधलेले, त्यामुळे शेंडे इंजिनाच्या पंख्यापर्यंत पोचत नव्हते. इंजिन तसंच धडधडत होतं, मी काहीही कमी केलं नव्हतं, तरी काठावरची झाडं एकेक करून मागे जायला लागली. हंडा घेतलेल्या बाईच्या चालीनं.

"हात आण," आई म्हणाली.

मी दांडा अण्णांना दिला आणि तिच्याशेजारी बसले. तिनं दोरी माझ्या तर्जनीवर ठेवली. आधी मला काहीच कळलं नाही. मग कळलं. खाली कुठंतरी तो पत्र्याचा मासा अंग हलवत होता आणि त्याची बारीक, एकसारखी धडधड माझ्या हातात येत होती. डॉक्टर मनगटावर नाडी बघतात तशी.

"हेच," ती म्हणाली. "तुला दाखवायचं होतं एकदा, जायच्या आधी."

माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, "आई, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. मला भीती वाटते गं. तू पडलीस ना, तेव्हापासून रोज वाटते."

"माहितीय मला," ती म्हणाली. "पण तुझ्याकडे मला काही कामच नाही. नुसतं जपून ठेवलंयस. तिथं निदान नारळ तरी माझी वाट बघतात."

तेवढ्यात दोरीला असा हिसका बसला की ती माझ्या हातातून सुटलीच असती. आईनं ती वरच्यावर धरली. "अण्णा, गिअर काढा," तिनं हुकूम सोडला, आणि अण्णांनी तो शाळकरी मुलासारखा पाळला. ती उभी नाही राहिली, ओढाताण नाही केली. मासा ओढेल तेव्हा द्यायची, थांबेल तेव्हा घ्यायची. मोडून जुळलेलं मनगट मध्येच दुखलं असावं, कारण तिनं दोरी डाव्या हातात बदलली. मी घ्यायला गेले तर कोपरानं मला बाजूला सारलं. बऱ्याच वेळानं एक हातभर लांब, रुपेरी, मिशाळ मासा वर आला आणि अण्णांनी त्याला जाळीत घेतलं.

"अम्मा," अण्णा जाळी धरून म्हणाले, "पण केळी आज-उद्या सडणार. पुढल्या वेळी काय करायचं?"

आईनं ओले हात पदराला पुसले. परतीच्या अडीच तासांत ती गाडीत मागे बसून एकटीच काहीतरी मोजत होती, दोन्ही हात समोर धरून, रुंदी घेतल्यासारखे. रामनगरच्या आसपास तिनं विचारलं, "अण्णा, तुमच्याकडे तांदळाची गोणपाटं मिळतात का? जाड विणीची?" तोंड उघडं ठेवून दोन सारख्या पिशव्या शिवायच्या, म्हणाली. तोंडाशी बांबूची कामटी गोल करून घालायची, तळाला पाणी जायला भोक, आणि दोन्ही अंगांना एकेक बांधायची. बादलीसारखी कडी तुटायला नको. अण्णा म्हणाले, मिळतात की, उद्याच पाठवतो. मी पुढे गाडी चालवत होते. मंगळवार एकच दिवस सोडून होता.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर बाल्कनीत गोणपाटाचा पसारा पडला होता. अण्णांनी सकाळीच माणसाबरोबर चार गोणपाटं पाठवली होती. आई जमिनीवर पाय पसरून बसली होती. माझा नवरा तिच्यासमोर मांडी घालून कामटी वाकवून धरत होता, आणि ती त्याला, "नीट धरा हो, सुटेल," म्हणून दटावत होती. जावयाला. एक पिशवी शिवून झाली होती.

"तुझी गाडी उद्या आहे ना?" मी विचारलं.

"काकांना फोन केला मगाशी," ती मान वर न करता म्हणाली. "नारळ तुम्हीच उतरवून घ्या म्हटलं यंदा. शिमग्याला जाऊ आपण दोघी. तोवर ही होडी चालायला तरी लावते." मग दाभण आणि सुतळी माझ्यापुढे धरली. "घे, ओवून दे. मला दिसत नाही आता. आणि हळू, घाई केलीस की सुतळी पिंजारते."

मी बॅग तशीच दारात टाकली आणि तिच्या शेजारी बसले. ओवायला मला चार खेपा लागल्या, आणि ती थांबून राहिली.