ड्रिलचा घोडा

वाशीमच्या बसस्टँडमागे मिस्तरींचं लोखंडी कामाचं दुकान होतं. तिथे आम्ही दोघे कामाला होतो. मी तीन वर्षांचा जुना. दुसरा भाजीपाला पिकवणाऱ्या घरचा, येऊन जेमतेम सहा महिने झालेला. आणि मिस्तरींनी अकोल्याहून आणलेलं विजेचं ड्रिल दिलं कुणाच्या हातात? त्याच्या. माझ्या नशिबी तेच जुनं, दांडा फिरवायचं हातड्रिल. का, तर म्हणे त्याचा हात हलका. हे ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा.

हात हलका होता हे खरंच, नाकबूल कशाला करू? त्या ड्रिलच्या मुठीतला घोडा बंदुकीसारखा थोडा दाबला तर ते हळू फिरायचं, पूर्ण दाबला तर सुसाट. लोखंडाला हळूच लागतं. जोरात फिरवलं की भोक पाडणारा पुढचा बीट तापून निळा पडतो आणि धार जाते. तो पठ्ठ्या घोड्यावर नुसतं बोट टेकवायचा आणि गप्पा मारत भोक पाडायचा. मी दांडा फिरवत ते बघायचो आणि दात खायचो.

त्या वर्षी दसऱ्याला मी नेहमीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. मागे दुकानात अवजारांची पूजा झाली. परत कामावर आलो तर माझं हातड्रिल जाम. दातेरी चाकात तेल आणि कुंकवाचा लाल चिखल. आमच्या घरी पूजाअर्चा सुटून वीसेक वर्षं होत आली होती, आणि मिस्तरींना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांच्याच नावाने पुटपुटत मी रॉकेलने ते साफ केलं.

त्याच दिवशी विजेचं ड्रिल बिघडलं. घोडा दाबला तर एकदम सुसाट, नाहीतर बंद. मधलं काही नाहीच. दुपारपर्यंत दोन बीट जळाले. मिस्तरींनी मोटरचे कार्बन बदलले, प्लग उघडला, वायर तपासली, वीजवाल्यांना शिव्या घातल्या. मग त्याच्यावर घसरले.

"काहून इतका जोर लावून राह्यला?"

"नाई जी, हळूच दाबून राह्यलो."

मला केव्हाच कळलं होतं. माझ्या चाकात जे गेलं, तेच घोड्याच्या फटीतून आत गेलं असणार. पण मी गप्प बसलो. तीन दिवस. तो बोलणी खात होता आणि मी कानस घासत ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी आणखी एक बीट जळाला. मिस्तरी म्हणाले, "उद्यापासून येऊ नको. वावरात भेंड्या तोड." त्याचा चेहरा उतरला. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. दया आली म्हणून नाही. बिघडलेलं ड्रिल आता माझ्याकडेच येणार, हे दिसलं म्हणून.

मी मुठीचे स्क्रू काढले. आत वाळलेल्या कुंकवाचा थर, घोड्याखाली अक्षतांचा एक दाणा अडकलेला. दात घासायच्या जुन्या ब्रशने सगळं साफ केलं, वाळवलं, जोडलं. ड्रिल हळू फिरलं.

"आजपासून हे तुह्याजवळ," मिस्तरी मला म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "अन् तू राह्य. याचं हातड्रिल घे."

हातड्रिल घ्यायला तो माझ्याजवळ आला. रागाचा मागमूस नाही.

"बरं झालं सापडलं. कुंकू म्याच लावलं होतं, जास्त झालं असन. तुह्या हातड्रिललेबी लावलं. मिस्तरी म्हणे, त्याच्या घरी पूजा चालत नाई. पण म्हटलं, सगळ्यायच्या अवजाराले कुंकू-फूल, अन् तुहंच एकटं काहून राह्यन? तुले राग तं नाई ना आला?"

मी नाही म्हणालो. घोडा हलकेच दाबून पाहिला. ड्रिल माझ्या हातात होतं, आणि मी अजूनही त्याच्यावरच जळत होतो.