आमच्या आळीतला बुजवलेला बोळ

आधीच सांगते, असले अनुभव सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवायचे. ब्लाउज शिवून पोट भरणारी बाई मी, मापात बसत नाही ते मला पटत नाही. पण हे माझ्या आईच्या बाबतीत घडलं, म्हणून लिहितेय.

भोरला राजवाड्याकडून नीरा नदीकडे उतरताना आमची जुनी आळी लागते. भिंतीला भिंत लागलेली घरं आणि मधे एक बोळ – इतका अरुंद की हंडा घेतलेली बाई आत शिरली की समोरून मांजरही येऊ शकायचं नाही. म्हणून आळीची रीतच होती... शिरण्याआधी बाहेरून ओरडायचं, "येऊ का?" आत कुणी असलं तर उत्तर यायचं, "थांबा, माणूस हाय!" नदीकडच्या टोकाला रशीदाभाभींचं घर. आई आणि त्या याच बोळातून दिवसभर एकमेकींकडे. भाजी चाखायच्या, भांडायच्या, परत चाखायच्या. पुढे भाभी वारल्या, मुलांनी घर विकलं आणि नव्या मालकाने ते टोक विटांनी बुजवून टाकलं.

आईला आता फारसं काही आठवत नाही. मला तर ती पाहुणीच समजते. पोटच्या पोरीला! फार लागतं हो मनाला.

मागच्या चैत्रात, भर दुपारी मी मशीनवर असताना आई घरातून निघून गेली. नदीवर पाहिलं, एसटी स्टँडवर पाहिलं. बोळातही मोबाईलचा टॉर्च मारून पार भिंतीपर्यंत जाऊन आले – कुणी नाही. शेवटी बोळाच्या तोंडाशीच बसकण मारून रडत बसले. माझ्याबरोबर शोधणारे शेजारचे दत्तूकाका पाणी घेऊन आले. अन् माझ्या तोंडून का कुणास ठाऊक, निघून गेलं... "येऊ का?"

"थांब गं! आमी दोघी येतोय."

आवाज आईचा! काकांनीही ऐकला. आई बाहेर आली ती एकटीच. एक हात जरा मागे होता, कुणी धरल्यासारखा.

"वैनी, कुठं व्हता तुमी? म्या सारी नदी पालथी घातली," काका म्हणाले.

"भाभीकडं. च्या घेतला. तीच म्हनली, चल, मंगल भाईर रडतीया, सोडते तुला."

मंगल म्हणजे मी. आईने पदराने माझं तोंड पुसलं. "येवडी मोटी झालीस, आन रडतीस काय?"

काकांनी नंतर भिंत ठोकून पाहिली. पक्की आहे. डॉक्टर म्हणतात, या आजारात मधेच आठवतं. आठवत असेल, पण बोळ मी स्वतः रिकामा बघितला होता, त्याचं काय?

दिवेलागणीला आईने मला विचारलं, "तुमी कुनाच्या वो, बाई?"

"तुमचीच," मी म्हणाले, आणि आत जाऊन पोटभर रडून घेतलं.