पुसल्याची सही

आमचे भावजी सयाजीराव, म्हणजे माझ्या गोदावरीअक्काचे यजमान. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला फसवलं नाही आणि आज त्यांची ओळख काय, तर ‘त्या पोरीचं चित्र पुसलं तो माणूस’. ऐकलं की माझं डोकं फिरतं. सरस्वतीपुरमच्या शाळेत मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय, गोष्ट पायरीपायरीने सांगायची मला सवय आहे. तशीच सांगते.

भावजी मूळचे वायरमन. जयलक्ष्मीपुरमच्या एका बंगल्यात हयग्रीव नावाच्या माणसाची गॅलरी आहे, तिथे ते एकोणीस वर्षं होते. आधी तैलचित्रांवर दिवे लावायचे. मग कॉम्प्युटरवरची चित्रं आली. भिंतभर हलणारी, तुम्ही जवळ गेलात की बदलणारी. ‘क्युरेटर’ म्हणून भाषण ठोकायला हयग्रीव होता, पण खोलीत काळोख किती हवा, प्रोजेक्टर कुठे टांगायचा, मशीन मध्येच अडकलं तर काय करायचं, हे सगळं भावजींच्या डोक्यात. पन्नाशीत शिकले, तेही मुलाच्या वयाच्या पोरांना विचारून विचारून.

आता या चित्रांची एक गंमत असते. कागदावरचं चित्र प्रदर्शन संपलं की गुंडाळून परत देता येतं. हे परत कसं देणार? म्हणून करारात लिहिलेलं असतं, गॅलरीने आपल्याकडची प्रत पुसायची आणि पुसली अशी सही द्यायची. सही सगळेच देतात, पुसत कुणी नाही. हयग्रीव उघड म्हणायचा, “सही कर रे, ठेव कुठेतरी. कोण बघतंय?” पण आमच्या भावजींचे पणजोबा राजवाड्याच्या दारावर पहाऱ्याला होते ना! यांच्या घरात शब्द म्हणजे शब्द. ते चित्र एकदा पूर्ण लावायचे, एकट्याने बघायचे, गणपतीची उत्तरपूजा करतात तशा मशीनवर चार अक्षता टाकायचे आणि मगच पुसायचे. अक्का म्हणायची, “अय्यो, यंत्राला कसल्या अक्षता?” ते म्हणायचे, पाहुणा होता, तसाच कसा हाकलायचा.

तीन वर्षांपूर्वी टी. नरसीपूरची प्रार्थना आली. हुशार पोरगी. दोन नद्यांच्या संगमावर तिने वर्षभर आपल्या वडिलांचं चित्रीकरण केलं होतं. ते पाण्यात उतरतात, वर येतात, केस पुसतात, आणि कॉम्प्युटर दर वेळी ते वेगळ्या क्रमाने जुळवतो. मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. तिचं आधीचं एक काम दुसऱ्या कुठल्या गॅलरीने न विचारता इंटरनेटवर टाकलं होतं, म्हणून ती पोळलेली. प्रदर्शन संपलं तेव्हा ती भावजींपुढे उभी राहिली आणि म्हणाली, कॉम्प्युटरमधलं पुसा, जादा प्रतीची डिस्कही पुसा, माझ्यासमोर. भावजींनी पुसलं. दोन्हींची नावं दोन कागदांवर कानडीत लिहिली, खाली सही केली, तिचीही घेतली. एक कागद गॅलरीला, एक भावजींच्या घरच्या कपाटात.

पुढच्या वर्षी तिचे वडील गेले. आणि मागच्या डिसेंबरात केरळातून येताना गाडीत तिची बॅग चोरीला गेली. ते चित्र असलेला लॅपटॉप त्यात आणि तिच्याकडच्या जादा प्रतीची डिस्कही त्यातच. शिकलेल्या माणसाने दोन्ही एका बॅगेत ठेवावं! पण ते कोण बोलणार?

ती धावत गॅलरीत आली, तेव्हा मी भावजींचा डबा घेऊन गेलेले, सगळं माझ्यासमोर झालं. जादा डिस्क असेलच ना, तिने विचारलं. हयग्रीवला तो कागद ठाऊक होता. पण एका म्युझियमला त्याने हेच काम दाखवायचं परस्पर कबूल करून ठेवलेलं, तिथे तोंड कसं दाखवणार? म्हणाला, “डिस्क होती. याने कुणाला न विचारता पुसली.” पोरगी भावजींकडे नुसती बघत राहिली. भावजींनी मान खाली घातली. आठवडाभरात त्यांना घरी बसवलं आणि ती पेपरात बोलली की एका अडाणी ऑपरेटरने माझे वडील पुसून टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी म्हटलं, भावजी, कपाटात कागद आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला? न्या आणि आपटा त्या हयग्रीवच्या टेबलावर. तर म्हणाले, “नको सुष्मा. तिच्याच सांगण्यावरून पुसलं, हे तिला आठवत नाही, तेच बरं. आठवलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. चांगली पोरगी आहे.” अक्का रडली, मी भांडले, पण ते ऐकेनात. दुपारी बाजारात जायचंही सोडलं, लोक विचारतात म्हणून.

मला ते सहन होईना. त्यांना न सांगता कपाटातून कागद काढला आणि बसने टी. नरसीपूर गाठलं. प्रार्थनाने दारातच वाचला. दोनदा वाचला. स्वतःच्या सहीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडेल, आता माझ्याबरोबर निघेल. तिने घडी घालून कागद माझ्या हातात परत दिला. म्हणाली, “आंटी, म्युझियमने मला नवीन काम दिलंय. याच विषयावर, हरवलेल्या चित्रावर. हे आता कुणाला दाखवू नका.”

दाखवू नका! बत्तीस वर्षं वर्ग गाजवणारी बाई मी, मुकाट परतले आणि कागद होता तिथे ठेवला.

भावजींना यातलं काही सांगितलं नाही. परवा पेपरात तिच्या नव्या प्रदर्शनाचं आलं, ते त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. खूश झाले. म्हणाले, पोरगी सावरली बघ. आणि मग पेपरची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला खरं ठाऊक असतं ना सुष्मा, तर ती गप्प बसली नसती.”

मी म्हटलं, हो भावजी, नसती बसली.