सर्व्हरच्या माथ्यावर शुभ लाभ

जळगावातल्या आमच्या डाळ मिलचा कॉम्प्युटर रुसला की शाझियाला फोन जातो. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या कय्युमभाईंची ही मुलगी यंत्राशी भांडत भांडतच काम करते, आणि ते भांडण ऐकायला अख्खं ऑफिस जमतं.

दिवाळीच्या वहीपूजनानंतर डेटाबेस सर्व्हर सुरूच होईना. शाझियाने स्क्रीन पाहिली आणि हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. "रूपलभाभी, हा येडा 'शुभ लाभ' नावाचं फोल्डर शोधतोय!"

माझे सासरे माणकचंदनाना उसळले. "नव्या वहीवर शुभ लाभ लिहितातच. आता वही म्हणजे हा सर्व्हर, म्हणून सेटिंगच्या फाइलीत सगळ्यात वर मीच लिहायला लावलं."

"आणि त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे # हे चिन्ह, मी लावलं होतं," मी फणकारले. "हॅशची ओळ माणसांसाठी, यंत्राने ती सोडायची. एवढं कळतं मला!"

"तुम्हाला कळतं, सर्व्हरलाही कळतं. त्याला सुरू करणाऱ्या स्क्रिप्टला कळत नाही. ती डोळे मिटून पहिलीच ओळ डेटाच्या फोल्डरचं नाव म्हणून उचलते."

"ओळ पुसायची नाही!" नाना गरजले.

"पुसतंय कोण?" म्हणत तिने स्क्रिप्टलाच हॅशची ओळ सोडायला शिकवलं. सर्व्हर उठला, आम्ही टाळ्या पिटल्या, नानांनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. मग चष्मा सावरून त्यांनी स्क्रिप्ट पाहिली. तिच्या दुरुस्तीच्या वर, हॅश लावून, 'बिस्मिल्लाह' लिहिलेलं.

"आता हे यंत्र ऐकणार कुणाचं?"

"दोघांचंही नाही, नाना," शाझिया भरल्या तोंडाने म्हणाली, "म्हणून तर चालतंय!"