रिंगणातली मोकळी जागा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन. हे मी लाजून सांगत नाही, कौतुक व्हावं म्हणूनही नाही. मरोळच्या स्टुडिओत नोकरी लागली तेव्हा ती टिकवायची एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि पुढे जे केलं ते त्यापायीच, म्हणून सांगते.

स्टुडिओकडे हिप हॉपच्या इतिहासाचं काम आलं होतं. हेडसेट डोळ्यांवर चढवला की बघणारा थेट न्यूयॉर्कच्या गल्लीत उभा, आणि तिथून हळूहळू आपल्या उपनगरात. शेवटचा भाग भांडुपच्या डोंगरावरचा घ्यायचा, हे मीच सुचवलं. आमच्या वस्तीत पाण्याच्या टाकीपाशी सायफर व्हायचे. खांद्याला खांदा लावून गोल उभं राहायचं, एकाने तोंडाने बीट द्यायचा, ज्याची पाळी त्याने मधे येऊन रॅप करायचं. मधे आलेल्याला कोणी थांबवत नाही, तो अडखळला तरी. नियम एवढा एकच.

हे सगळं सुरू केलं माझ्या शेजाऱ्याने. बालवाडीपासूनचा दोस्त, दिवसभर पार्सलं पोचवायचा आणि बाइकवर बसून ओळी जुळवायचा.

आमचा कॅमेरा चारी बाजूंनी बघतो, त्यामुळे तो ठेवायचा रिंगणाच्या मधोमध आणि आपण लपायचं. त्याच्या भिंगांची चित्रं नंतर जोडतात. त्या जोडावर कोणी फार जवळ आलं तर चेहरा फाटतो. म्हणून मी कॅमेऱ्याभोवती खडूने गोल आखला. हातातले फोन दिसायला नकोत म्हणून सगळ्यांचे फोन काढून पिशवीत भरले.

"ह्या रेषेच्या आत यायचं नाही," मी म्हटलं.

"सायफरमध्ये मधे यायचं नाही? मग काय रेशनच्या लायनीत उभं राहू?" दोस्त म्हणाला.

"मस्करी नको रे. शॉटची वाट लागेल."

"बरं मॅडम. शिकलेल्या माणसाचं ऐकलं पाहिजे."

मी टाकीमागे जाऊन बसले. त्याची पाळी आली. एरवी हिंदीत रॅप करणारा, त्या दिवशी पहिल्यांदाच मालवणीत बोलला, आईवर. बोलता बोलता त्याने रेषा ओलांडली आणि कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. मला टाकीमागून दिसत होतं. ओरडता आलं असतं. पण मधे आलेल्याला थांबवत नाहीत, तर मीही थांबवलं नाही.

कॉम्प्युटरवर बघितलं तर त्याचं अर्धं नाक एकीकडे, अर्धं दुसरीकडे, एक डोळा गायब. बॉस म्हणाला, "परत शूट कर, नाहीतर ह्याला काढून टाक." परत शूट मागायचं म्हणजे पहिल्याच कामात चुकले असं कबूल करायचं. मी म्हटलं, "काढते."

चार दिवस लागले. मधून काढला, मग रिंगणातूनही काढावा लागला, नाहीतर उभा असलेला माणूस एकदम नाहीसा झाला असता. एकेका चित्रातून त्याला पुसून मागची भिंत भरली. त्याचा आवाज काढून नुसता बीट ठेवला. काम पास झाल्यावर मूळ शूटिंगची मेमरी कार्डं पुढच्या कामासाठी कोरी केली. तीही मीच.

"माझं झकास आलंय ना गं?" त्याने एकदा जिन्यात विचारलं. मी हो म्हटलं.

नंतर त्याला कावीळ झाली. सुट्टी मिळत नाही म्हणून त्याने ती अंगावर काढली, आणि हॉस्पिटलात नेल्यावर तिसऱ्या दिवशी गेला.

मुलुंडच्या एका कॉलेजात प्रदर्शन लागलं तेव्हा त्याची आई म्हणाली, "तुमच्या त्या चष्म्यात माझो झील दिसता म्हणे. माका एकदा बघूक होया." काही तरी कारण सांगून टाळता आलं असतं. मी घेऊन गेले. सांगायचं धाडस वाटेत येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

फिरत्या स्टुलावर बसवून मी तिला हेडसेट घातला. ती सावकाश वळायला लागली. "ही आमची टाकी. हो शिंप्याचो. हो खालच्या चाळीतलो." एक पूर्ण फेरी झाली, मग दुसरी.

"बाय, तो खंय आसा?"

ती आणखी थोडी वळली आणि एका जागी थांबली.

"ह्या दोघांच्या मदी जागा कित्याक सोडली?"

"काकी, तिथे तोच होता," मी म्हटलं. "शॉट बिघडला म्हणून मी त्याला पुसलं. आता कुठेच शिल्लक नाही."

हेडसेटमुळे तिचे डोळे मला दिसत नव्हते. मागे पोरं पाळीसाठी थांबली होती. ती म्हणाली, "काय बोललो तो, ता तरी सांग."

टाकीमागून ऐकलेलं जेवढं लक्षात होतं तेवढं मी सांगितलं:

"नळ रवलो पायथ्याक, घर रवला डोंगरार,
आयेचा आयुष्य गेला चढ-उताराच्या वाटेर."

"फुडे?"

पुढचं मला येत नव्हतं. पुसायचं काम आम्ही आवाज बंद ठेवून करतो. चार दिवस मी त्याचे नुसते हलणारे ओठ बघितले होते.

"आठवत नाही, काकी."

तिने हेडसेट काढला नाही. "परत लाव," म्हणाली.

मी परत लावलं. या वेळी ती वळली नाही. शेवटपर्यंत एकाच बाजूला तोंड करून बसून राहिली.