धुण्याआधी धुतलेले पाय

मी ‘श्रद्धा आणि सामाजिक न्याय’ या विषयात एम. ए. करायला परराज्यातल्या एका कॅथलिक विद्यापीठात गेले, तेव्हा आमच्या वस्तीला ते नीट पचलं नाही. नेवासा तालुक्यातलं आमचं गाव, गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या मधोमध चर्च. श्रद्धेचं शिकतेय म्हणजे सिस्टर होणार, असं अर्ध्या वस्तीनं ठरवलं. न्यायाचं शिकतेय म्हणजे वकील होणार, असं उरलेल्यांनी. वकील झाले तर बांधाची भांडणं घरच्या घरी मिटतील, म्हणून हा दुसरा पक्ष जरा जास्त खूश होता. मला विचाराल तर माझ्या तापट स्वभावाला कुठे पदवी मिळते का, ते बघायला मी गेले होते.

वर्गात इंग्रजी चालायचं. पहिले काही महिने मी गप्प बसून ऐकत होते आणि खोलीवर येऊन मराठीत भांडत होते. मग एके दिवशी पवित्र गुरुवारचा विषय निघाला. येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा माणसांचे पाय धुतात, पुसतात आणि त्यांवर ओठ टेकवतात. तुमच्याकडे हे कसं होतं, असं शिकवणाऱ्या वयस्क फादरांनी विचारलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे बाराही जण घरून पाय धुऊन येतात. साधे धुऊन नाही, वजरीने टाचा घासून, नखं कापून, खोबरेल लावून. एकजण तर चर्चपर्यंत पाय मळू नयेत म्हणून मुलाच्या मोटरसायकलवर बसून येतो. घर चर्चच्या समोरच आहे.

वर्ग हसला. त्यात वाईट काही नव्हतं, मीही आजवर हसतच आले होते. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. आमच्या माणसांना मी हसेन, तुम्ही कोण, असं काहीतरी मी बोलून गेले, तेही मराठीत. फादरांना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. ते म्हणाले, रागावण्यापेक्षा जाऊन विचार त्यांना, ते आधी का धुतात. तोच तुझा प्रबंध.

म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी गावी आले आणि आमच्या चुलत आजोबांसमोर जाऊन बसले. सगळे त्यांना बाबा म्हणतात. दरवर्षीच्या बारांत त्यांची खुर्ची ठरलेली.

“बाबा, फादर धुणारच असतात, मग तुम्ही आधी का धुता?”

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की एवढं शिकून हिला एवढंही कळू नये. मग म्हणाले, “आमी ल्हान हुतो तवा गावात मागल्या वाटंनं जायाचो. आमचं पाऊल पडलं की मानसं त्यावर पानी शिंपडायची. त्या पायाला फादर हात लावनार, तोंड लावनार. त्याला त्यात धूळ दिसली पायजे व्हय?”

पाणी शिंपडायची म्हणजे काय ते मला माहीत होतं. वाट बाटली म्हणून. मी ते लिहून घेतलं आणि घरी येऊन आईला वाचून दाखवलं. आई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला आणि विचारलं, “आन् बायांचं? आमी काय आकाशातनं चालत हुतो का?”

बायकांनाही त्या बारांत बसवायची मोकळीक रोमहून येऊन काही वर्षं झाली होती. पण ती आमच्या वस्तीपर्यंत पोचली नव्हती, तिची एसटी चुकली असावी. मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण फादरना जाऊन सांगितलं. त्यांची ना नव्हती. रविवारी मिस्सानंतर त्यांनी सगळ्यांपुढे विचारलं की यंदा कोण बायका बसतील. पुरुष छताकडे बघू लागले, बायका जमिनीकडे. बाईच्या पायाला फादरनं हात लावायचा, हे कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नव्हतं. मलाही वाटलं, फसला माझा प्रबंध.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. “मी बसते. बाबांच्या पायांना मान मिळाला, माजं पाय काय उसनं आनल्यात का?”

घरी आल्यावर मात्र तिला घाम फुटला. टाचांना भेगा, घोट्यापर्यंत काळ्या मातीचा रंग मुरलेला. तिनं नेवाशाच्या बाजारातून नवी वजरी आणली. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ती टाचा घासायची आणि मी शेजारी बसून लिहायचे. मी लिहीत होते ते असं की आमचे पाय कधीच घाण नव्हते, घाण होती ती पाणी शिंपडणाऱ्यांच्या मनात. आम्ही आजही आधी घासून येतो ते त्या शिंपडलेल्या पाण्याच्या धाकानं. आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, “लिव्ह तू,” आणि घासत राहिली.

पवित्र गुरुवारी दुपारी आमच्या वावराची कॅनॉलच्या पाण्याची पाळी आली. पाळी कुणाच्या सणासाठी थांबत नाही. चुकली तर पुढचं आवर्तन सुटेपर्यंत ऊस वाळणार. वडील शुगर फॅक्टरीत ड्युटीवर होते आणि मी चर्च सजवायला गेलेले. आई एकटीच दारं धरायला उभी राहिली, एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवत.

संध्याकाळी मिस्सा सुरू व्हायची वेळ झाली. पुढे बारा खुर्च्या मांडलेल्या, अकरा भरलेल्या. बाबांचे पाय समईसारखे लखलखत होते. तीन-चार जण माझ्याकडे वळून बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता. बायकांना बसवा म्हणे, आणि आता खुर्ची रिकामी.

मी दाराशी आले तर आई समोरून येत होती. लुगडं चांगलं नेसलेली, वेणी घातलेली आणि गुडघ्याखाली नुसता चिखल. लुगडं तिनं बांधावरच्या खोपीत बदललं होतं, पण वाट चिखलाची, आणि घरी जाऊन पाय धुऊन येण्याइतका वेळ नव्हता. पायांत चपलाही नव्हत्या, चिखलात रुतल्या म्हणाली. चर्चच्या आवारात नळ होता. तिनं आधी नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तू कॉलेजात लिव्हलंस ते खरं हाय का निस्तं मार्कांसाठी?”

नळ दहा पावलांवर होता. आत सगळी वस्ती बसली होती.

“खरं आहे,” मी म्हणाले.

“मंग चल.”

ती मधल्या वाटेनं चालत गेली. फरशीवर तिची पावलं उमटत गेली. ती बाबांशेजारच्या खुर्चीवर बसली. फादर परात आणि पाण्याचा जग घेऊन एकेकापुढे गुडघे टेकत आले. बाबांपर्यंतचं पाणी परातीत जसं ओतलं तसंच स्वच्छ होतं. आईच्या पायावर पहिली धार पडली आणि परात काळीभोर झाली. फादरनी बोटांनी माती सुटी केली, भेगांमधूनही काढली. मग परात बाजूला सारली आणि एका सिस्टरना दुसरं पाणी आणायला सांगितलं.

सिस्टर येईपर्यंत फादर तिचा पाय हातात धरून गुडघ्यांवर तसेच थांबले. गाणं म्हणणाऱ्यांचं कडवं संपलं, त्यांनी ते पुन्हा घेतलं. आई ताठ बसली होती. मी खांबाशी उभी राहून रडत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की छातीत मावत नव्हता. दुसऱ्या पाण्यानं पाय धुतले, पुसले, फादरनी वाकून त्यांवर ओठ टेकवले. बाबांनी आपल्या चकचकीत टाचा हळूच खुर्चीखाली ओढून घेतल्या.

मिस्सा सुटल्यावर बायकांनी आईला घेरलं. कसं वाटलं, लाज नाही का वाटली, फादर काही बोलले का. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं. गर्दीतून मला शोधून काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लिव्ह तुज्या कॉलेजात. बाराजनांत माज्या एकटीसाठी पानी बदलावं लागलं.”