माझ्या गिटारचा टोन
गावी परतलेल्या दिलावरचा, माझ्या जुन्या रूममेटचा, गिटार शिकवतानाचा व्हिडिओ आज कुणीतरी पाठवला. पहिल्याच सुराला आमची सौदीतली, यान्बू शहरातली खोली आठवली. वेलचीच्या कहव्याचा वास, आणि शेजारी शेजारी मांडलेल्या, तारांवर लोखंडी रॉड सरकवत वाजवायच्या दोन पेडल स्टील गिटार, एक त्याची, एक माझी.

“डोळे मिट आणि इमानानं सांग,” म्हणत त्यानं दोन्ही वाजवल्या. त्याची मधाळ वाटली, माझी पत्र्यासारखी. मी हिरमुसलो. “पोरांना शिकायला चालेल,” तो म्हणाला, तेव्हा देऊनच टाकली.

व्हिडिओत तीच आहे. कडेचा इस्त्रीचा डाग माझ्याच हातचा.

“हिच्यासारखा टोन माझ्या दुसऱ्या गिटारीला नाही,” तो शिष्यांना सांगतोय. “पण तारांवरचा रॉड सैल धरलात, तर हीसुद्धा पत्र्यासारखी वाजेल.” आणि हसत त्यानं तसं वाजवून दाखवलं.

तोच आवाज. मेल्यानं तेव्हा मला डोळे उगाच नव्हते मिटायला लावले.